गाठीमागे एक रुपया

गरिबाच्या घरासाठी आणि शहरातल्या मोकळ्या जागेसाठी पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्न आजचा वाटतो. पण मुंबईनं त्याची दोन-तीन उत्तरं शंभर वर्षांपूर्वीच देऊन पाहिली आहेत. त्यातलं एक मला फार आवडतं, कारण ते एका ओळीत मावतं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया.

त्या रुपयापर्यंत पोहोचायचं तर आधी प्लेगकडे जावं लागतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे निघून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना. तेव्हा कुठे अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. त्यात दया किती आणि धंद्याची काळजी किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. १८९८ मध्ये कायदा झाला आणि मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. सरकारनं आणि पालिकेनं त्याला जमिनी दिल्या, त्यानं कर्ज उभारलं, आणि पालिकेनं करपात्र मूल्याच्या दोन टक्क्यांपर्यंतची रक्कम दरवर्षी त्याच्या हाती द्यायची असं ठरलं. म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या मुंबईकराच्या खिशातून थोडं थोडं घेऊन शहरानं स्वतःची हवा विकत घ्यायची, असा तो हिशेब होता.

रमजानच्या रात्री महंमद अली रोडवर मालपुवा खायला गर्दी लोटते. हा रस्ता ट्रस्टनं दाट वस्ती कापून काढला, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हीसुद्धा ट्रस्टचीच करणी. समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरावी, ही कल्पना. हवा शिरली खरी, पण त्या जागी राहणारी माणसं बाहेर पडली. ट्रस्टनं पाडलेल्या खोल्या जास्त आणि गरिबांसाठी बांधलेल्या कमी. उठलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत जाऊन दाटली. तरी चाळी उभ्या राहिल्या. आग्रीपाड्यात राहिल्या, परळमध्येही राहिल्या. परळच्या दामोदर हॉलजवळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून वीसेक वर्षं राहिले. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या खोलीचं मोल काय असतं, हे मोजायला दुसरं माप मला सुचत नाही.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. माणूस अधिकारी, पण डोकं प्रकाशात गुंतलेलं. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहानं मांडला. तळमजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, समोरच्या भिंतीची उंची मधल्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आभाळाचा तुकडा मिळालाच पाहिजे, आणि तो मोजून मिळाला पाहिजे. आम्ही कवी आभाळाबद्दल पुष्कळ बोलतो, पण कुणाच्या वाट्याला ते किती अंश यावं, याचा विचार एका साहेबानं केला!

दादर-माटुंग्याच्या योजनेत हा विचार जमिनीवर उतरला. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये अंतर आणि मधोमध बागा. मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांनी पारशी कॉलनी वसली, हिंदू कॉलनी वसली, आणि फाइव्ह गार्डन्सची झाडं अजून सावली देतात. आपल्याकडे घराचं खातं वेगळं, बागेचं वेगळं. इथे दोन्ही एकाच आराखड्यात आणि एकाच तिजोरीतून झालं. खटकतं ते वेगळंच. ट्रस्टच्या बागा आल्या त्या कारकून, वकील, शिक्षकांच्या वाट्याला. गिरणी कामगाराला मिळाली फक्त खोली.

त्या खोलीसाठी १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी दुसरं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. आजच्या बीडीडी चाळी त्यांच्याच. एकेका खोलीची पन्नास हजार घरं बांधायचा बेत होता. खोलीच्या भाड्यातून बांधकामाचा खर्च निघणार नाही, हे सरकारला आधीच कळलं होतं. मग खोट भरायची कशी? तिथे तो रुपया आला. ज्या कापसावर मुंबई श्रीमंत झाली, त्याच कापसानं ते सूत कातणाऱ्याच्या छपराचा भार उचलायचा. इतकं सरळ गणित मी पुढच्या काळात कुठल्या अर्थसंकल्पात पाहिलं नाही.

गणित सरळ होतं म्हणून घरं चांगली झाली, असं मात्र नाही. पन्नास हजारांच्या जागी सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. खोली एकशे साठ चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या, संडास सामायिक. वरळीच्या चाळी कित्येक वर्षं ओस पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारनं तिथे सत्याग्रही कोंडले, म्हणजे कामगारांसाठी बांधलेलं घर तुरुंग म्हणूनही चाललं. पुढे त्याच चाळींत भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती, शाहिरांचे फड असा सगळा संसार फुलला, तो माणसांनी फुलवला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पुनर्विकासातल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ ते पाचशे, मध्ये शंभर वर्षं.

आता तिसरं उत्तर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा धड चालल्या नाहीत. मागे उरली शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन. कापूस संपला होता, गाठ उरली नव्हती. रुपया आता जमिनीतून काढायला हवा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे. एक बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक स्वस्त घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. घर आणि मोकळी जागा पुन्हा एका खात्यात, आणि तेही कामगारांच्या दारात! पण फारसे मालक पुढे आले नाहीत. जुन्या बांधकामाचाच नवा वापर करता येत होता, त्यात वाटणी नव्हती.

२००१ मध्ये कलम बदललं. वाटणी राहिली, फक्त ती 'मोकळ्या' जमिनीची. शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला इथे थांबावंच लागतं. आमच्या घरच्या बोलीत 'खाली जगा' म्हटलं की रिकामी आणि मोकळी दोन्ही आलं. कायद्यात तसं चालत नाही. गिरणी पाडल्यावर जी जागा मोकळी होते, ती मोकळी की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, मोकळीच. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आधीपासून जी उघडी होती तेवढीच मोकळी. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेड, गोदाम, चिमणी. उघडी उरते किती? तीन वाट्यांतले दोन वाटे आक्रसले ते या एका विशेषणानं. टॉवर उठले, मॉल उठले. ऑरसाहेबांचा कोन लावायला आता तिथे जमिनीवरची खिडकी शोधावी लागेल.

म्हाडाच्या वाट्याला जे आलं त्यातून घरं झाली, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली, त्यात घरं सात हजारांच्याही आत. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात होते. उरलेल्यांसाठी मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर शेलू आणि वांगणीची नावं पुढे आली. बदलापूर सोडल्यावर कर्जतकडे जाताना ही स्टेशनं लागतात. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस पावसात आझाद मैदानावर जमले. शेलू-वांगणी नको, घर मुंबईतच हवं, एवढीच त्यांची मागणी होती.