मेरी लू विल्यम्सचं झाड

जॅझचा इतिहास समजावून सांगण्यासाठी मेरी लू विल्यम्स एक झाड दाखवत असे. चित्र डेव्हिड स्टोन मार्टिनचं, मांडणी तिची. मुळाशी यातना, खोडात वर वर स्पिरिच्युअल्स, रॅगटाइम, कॅन्सस सिटीचा स्विंग, बीबॉप. ब्लूजला मात्र वेगळा टप्पा नाही, तो सालीतून खालपासून वरपर्यंत गेलेला. दिवसभर गिटमधल्या ब्रँचेस बघणाऱ्या माझ्यासारख्याला हे चित्र पटकन कळतं, आणि खटकतंही. कारण काही फांद्या निष्पर्ण आहेत. त्यांत बाजारू रॉक आहे, आणि अवां-गार्दसुद्धा!

एखाद्या समीक्षकाचा हा आगाऊपणा असता तर मी सोडून दिला असता. पण ही बाई त्या खोडातूनच वर आलेली. जन्म १९१०चा, अटलांटातला, बालपण पिट्सबर्गमध्ये. पुढे कॅन्सस सिटीत अँडी कर्कच्या बँडची पियानोवादक आणि अरेंजर. बेनी गुडमनसाठी तिने लिहिलेलं 'रोल एम' ब्लूजवरच उभं आहे. १९४०च्या दशकात हार्लेममधल्या तिच्या घरी थेलोनियस मंक, बड पॉवेल येऊन बसत. जुने वादक बीबॉपला नाकं मुरडत असताना ती या पोरांना शिकवत होती, त्यांच्याकडून घेतही होती. १९५४ साली पॅरिसमध्ये तिने वाजवणंच सोडलं. मग कॅथलिक झाली, व्यसनात बुडालेल्या वादकांना सांभाळू लागली, आणि काही वर्षांनी परतली.

नव्याला इतकं जवळ करणारी बाई अवां-गार्दची फांदी वाळकी का ठरवते? तिच्या लेखी तिथपर्यंत ब्लूजचा रस पोचतच नव्हता. मला हे अन्यायाचं वाटतं. पण तिने नुसता निकाल दिला नाही. एप्रिल १९७७मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ती त्याच फांदीवरच्या सेसिल टेलरसोबत वाजवायला बसली. दोन पियानो. ती इतिहास मांडू बघते, तो आपल्याच वाटेने सुसाट. 'एम्ब्रेस्ड' या रेकॉर्डवर ही ओढाताण ऐकू येते. नाव मिठीचं, पण ऐकताना कुस्ती वाटते. आणि तिचा डावा हात जमीन सोडत नाही. तेवढ्यापुरतं मला तिचं झाड पटतं.

त्याच वर्षी ती ड्यूक विद्यापीठात शिकवायला गेली. कॅन्सर झाल्यावरही शिकवत राहिली. २८ मे १९८१ रोजी डरहॅममध्येच गेली. आपल्यामागे मुलांना जॅझ शिकता यावं म्हणून एक फाउंडेशन तिने आधीच उभं करून ठेवलं होतं.