‘फॅक्टर एक्स’चं कूळ

यवतहून उरुळी कांचन, लोणी काळभोर करत पुण्याकडे निघालं की हडपसरजवळ मोहम्मदवाडीत पुणे अंधजन मंडळाचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय लागतं. दौंडच्या ऊस-गुळाच्या पट्ट्यातला जुना मधुमेही अशा दवाखान्यात गेला, की कधी कधी कानावर पडतं, ‘पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल.’ ऐकूनच घाम फुटतो. ही सुई असते एका प्रथिनावर, आणि त्याची ओळख पटली ती बरीचशी कर्करोगाच्या प्रयोगशाळांत.

1948 मध्ये नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी अंदाज बांधला, की पडद्यातून काहीतरी झिरपत असावं आणि त्याच्या इशाऱ्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. त्याला नाव पडलं ‘फॅक्टर एक्स’. हाताला मात्र काही लागलं नव्हतं.

1983 मध्ये बोस्टनला हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांना गिनीपिगच्या गाठींत रक्तवाहिन्या पाझरायला लावणारं प्रथिन सापडलं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी गाईच्या पियुषिका ग्रंथीतल्या पेशींपासून रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं: व्हीईजीएफ. जनुक वाचल्यावर कळलं, दोन्ही एकच!

प्राणवायूला मुकलेली पेशी हे प्रथिन सोडते. शेजारच्या रक्तवाहिनीच्या पेशींवर ते ओळखणारे ग्राही असतात. निरोप पोचला की नवे फुटवे येतात. गर्भात हे हवंच. मधुमेहाच्या डोळ्यात मात्र हे फुटवे कच्चे निघतात, फुटतात, रक्त सांडतं. जुन्या वाहिन्याही पाझरू लागतात आणि पडदा सुजतो. 1994 मध्ये लॉइड एलो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतला द्रव तपासला. जिथे नव्या वाहिन्या जोरात होत्या, तिथे हे प्रथिन, म्हणजेच तो ‘फॅक्टर एक्स’, भरपूर होतं.

त्याला अडवणारं अव्हास्टिन हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही आतड्याच्या कर्करोगासाठी, शिरेतून द्यायला. 2005 मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा थेंबभर अंश थेट डोळ्यात दिला. खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये आलं, पण किंमत भलतीच. उतारवयातल्या पडद्याच्या आजारात दोघांचा गुण जवळपास सारखाच, असा निकाल 2011 मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशांतून झालेल्या चाचणीने दिला.

अव्हास्टिनची लहान कुपी 4 मिलिलिटरची, डोळ्याला लागतं 0.05 मिलिलिटर. म्हणून एक कुपी अनेकांत वाटली जाते आणि खर्च आवाक्यात येतो. वाटणी निर्जंतुक हवी, ही मेख. 2016 च्या सुरुवातीला गुजरातमधल्या रुग्णांना त्रास झाल्यावर डोळ्यातला वापर थांबवायची सूचना निघाली, आणि थोड्याच आठवड्यांत मागेही घेतली गेली. त्याआधीच, 2015 मध्ये, अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबचा देशी अवतार, रॅझुमॅब, बाजारात आणला होता.