हाकेला ओ न देणारं मशीन

फायरवॉल बसवली की पहिला फोन ठरलेला: "नेटवर्क गेलंय!" कोणीतरी पिंग करून पाहिलेलं असतं, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलेलं असतं आणि निदान पक्कं - मशीन मेलं. या निदानामागे बराच इतिहास आहे.

डिसेंबर १९८३. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून माइक मूसने पिंग लिहिला. नाव पाणबुडीच्या सोनारवरून. गंमत म्हणजे त्याचं पहिलं पॅकेट निघायच्या आतच बिघाड सापडून दुरुस्तही झाला होता! पुढे १९८९ च्या आरएफसी ११२२ ने पिंगला उत्तर देण्याची सोय प्रत्येक मशीनवर सक्तीची केली. हाक आली की ओ द्यायची. ओ नाही म्हणजे कोणी नाही.

हा भाबडा काळ ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्मने संपवला. विंडोज एक्सपीत २००१ पासून फायरवॉल होती, पण मुळात बंद. ब्लास्टर पोर्ट १३५ वरून घुसला. पॅच महिनाभर आधीच आला होता, पण टाकतो कोण? २००४ मध्ये सॅसर आला, पोर्ट ४४५ वरून. त्याच ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू झाली.

आता ब्राउझिंग झकास, कारण आपण मागितलेलं उत्तर आत येतं. पण शेजारच्या मशीनवरून पिंग केलं तर शांतता. न मागता आलेलं पॅकेट फायरवॉल गुपचूप टाकून देते, 'नको' सुद्धा म्हणत नाही.

माझ्या मते खरा घोळ इथे आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर बहुधा पॅकेट पोचलंय, सर्व्हिस बंद आहे. नुसतंच ताटकळत बसावं लागलं तर फायरवॉल, राउटिंग किंवा खरंच बंद पडलेलं मशीन, काहीही असेल. अशा वेळी लोक वैतागून फायरवॉलच बंद करतात, आणि पिंग चालला की ती तशीच राहते. म्हणजे पुन्हा २००३!

त्यापेक्षा एकाच लॅनवर असाल तर पिंग फसल्यावर लगेच एआरपी टेबल बघा. त्या आयपीसमोर मॅक अ‍ॅड्रेस दिसला तर मशीन जिवंत आहे, फक्त बोलत नाहीये. एआरपीला ही फायरवॉल अडवत नाही. अडवलं तर लॅनच चालणार नाही.

आणि हो, एक्सपीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'वर टिक केली की पोर्ट ४४५ उघडायचं, आणि पिंगलाही आपोआप उत्तर यायला लागायचं. प्रिंटर शेअर केला आणि पिंग सुरू झाला, हा चमत्कार नव्हता.