तबकडीच्या फोनची कुळकथा

तबकडीच्या फोनमध्ये आकडा मोजला जातो तो तबकडी परत येताना. आपण भोकात बोट घालून ती अडणीपर्यंत ओढतो, तेव्हा एक्सचेंजला काहीच कळत नाही. आत फक्त स्प्रिंगला पीळ बसतो. बोट काढलं की स्प्रिंग तबकडीला मागे आणते आणि त्या परतीच्या फेऱ्यात लाइनचा प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो व जुळतो. पाच फिरवला तर असे पाच ठोके, शून्य फिरवलं तर दहा. जुना फोन उघडून बसणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं, कारण बहुतेक बिघाड या परतीच्या वाटेवरच सापडतात.

या घराण्याचा मूळपुरुष अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा होता. आल्मन स्ट्रोजर, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे जोडून द्यायची, अशी गोष्ट सांगतात. त्यानं चिडून ऑपरेटरच नको अशी यंत्रणा आखली. १० मार्च १८९१ रोजी तिचं पेटंट त्याला मिळालं आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावात पहिलं स्वयंचलित एक्सचेंज सुरू झालं. सुरुवातीला ग्राहक होते सुमारे ७५.

ला पोर्टच्या या फोनना तबकडी नव्हतीच. बटणं होती. ५७ नंबर हवा असेल तर दशकाचं बटण पाच वेळा दाबायचं, एककाचं सात वेळा. मोजायचं माणसानंच. मध्येच कुणी हाक मारली, लक्ष विचलित झालं, की नंबर चुकला. शिवाय दाबण्याचा वेग ज्याचा त्याचा. तिकडे एक्सचेंजमध्ये विद्युतचुंबक प्रत्येक ठोक्याला जोडणीचा दांडा एकेक पायरी वर चढवणार आणि मग एकेक घर फिरवणार. चुंबकाला ओढायला वेळ लागतो, सोडायलाही लागतो. ठोके घाईत पडले तर एखादी पायरी हुकणारच.

इथे स्ट्रोजरच्या कंपनीतल्या अलेक्झांडर कीथ आणि जॉन व चार्ल्स एरिक्सन या भावांनी जे केलं, ते मला मूळ शोधाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी मोजणी माणसाकडून काढून घेतली आणि स्प्रिंगवर सोपवली. १८९८ मध्ये त्यांना मिळालेल्या पेटंटमध्ये फिरणारी चकती आहे. तिला भोकं नव्हती, बोट अडकवायला उभे दात होते. भोकं पुढे आली. ओढणारा रागात असो, घाईत असो, नाहीतर पहिल्यांदाच फोनला हात लावणारं पोर असो, परतीचा वेग स्प्रिंग ठरवणार. स्ट्रोजरनं मात्र १८९६ मध्येच आपली पेटंटं अवघ्या १८०० डॉलरला विकली होती.

स्प्रिंगचाही एक दोष असतो: पूर्ण पीळ असताना ती जोरात ओढते, पीळ उतरत आला की मंदावते. म्हणून तबकडीच्या पाठीमागे गव्हर्नर बसवला. एका बारीक आसावर दोन चिमुकली वजनं असतात. आस वेगानं फिरू लागला की ती बाहेर फाकतात, भोवतीच्या वाटीला आतून घासतात आणि वेग आवरतात. तबकडी परतताना जी घरघर ऐकू येते ती त्यांची. सेकंदाला दहा ठोके, हे माप त्यातून साधतं.

या ठोक्यांनी नंबरांच्या रचनेवरही छाप सोडली. १९४७ मध्ये अमेरिकेत विभागाविभागांना एरिया कोड वाटले गेले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला. अवघे पाच ठोके! ज्या शहरात सर्वांत जास्त फोन जाणार तिथला क्रमांक झटपट फिरावा, हा हिशेब. लंडनमध्ये १९३७ साली तातडीच्या मदतीसाठी ९९९ ठरलं. १११ फिरवायला सोपा होता, पण वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना लागल्या तरी एकेक ठोका पडतो आणि नसते फोन लागतात. न्यूझीलंडच्या तबकडीवर आकडे उलटे, तिथे १ म्हणजे नऊ ठोके. म्हणून तिथल्या १११ मध्येही ठोके ९९९ इतकेच.

भारतात पहिलं स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला आलं, ७०० जोडण्यांचं. मुंबईत १८८२ पासून फोन होते, पण तेव्हा जोडून द्यायला ऑपरेटर असे. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली. आपल्याकडच्या माळ्यांवर आज पडून असलेले कितीतरी फोन तिथे घडले आहेत. त्यांच्या तबकडीला छोटं कुलूप लावायची पद्धत पुष्कळांना आठवत असेल. बिल वाढू नये म्हणून वडीलधारी मंडळी ते एकच्या भोकात अडकवत आणि हुशार मुलं रिसीव्हरखालची खुंटी तालात दाबून नंबर लावत. खुंटी दाबली की लाइन तुटते, सोडली की जुळते. तबकडीही तेच करते. ती मुलं नकळत ला पोर्टच्या १८९२ च्या पद्धतीनं फोन लावत होती.

आता दुरुस्तीकडे. लाइनची पिन आधी काढा, कारण घंटी वाजताना तारेत ७५ व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि चांगला झटका बसतो. उघडण्यापूर्वी शून्य फिरवून सोडा आणि ऐका. घरघर एकसारखी हवी आणि फेरा सेकंदाहून किंचित जास्त वेळात पुरा व्हायला हवा. तबकडी रेंगाळत असेल, शेवटी अडखळत असेल, तर आतलं जुनं तेल चिकट झालंय. राँग नंबर लागतात ते बहुधा यामुळेच. चिकटा पुसून काढा आणि गव्हर्नरच्या आसाच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकानं, द्या. वाटीत तेल जाता कामा नये. तिथलं घासणं बंद पडलं तर तबकडी सुसाट परतेल आणि एक्सचेंजला ठोके उमजणार नाहीत.

ठोके देणाऱ्या पट्ट्यांच्या टोकांवर काळपटपणा चढतो. त्यावर पॉलिशपेपर मारू नका, टोकांवरचा धातूच निघून जाईल. जाडसर कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून त्यांच्यामध्ये धरा आणि हलकेच ओढून घ्या. नंबर फिरवताना कानात कटकट ऐकू येत असेल, तर फिरवण्याच्या वेळेपुरता कानातला आवाज बंद ठेवणाऱ्या पट्ट्या जुळत नाहीत. रिसीव्हर खाली ठेवूनही लाइन एंगेज लागत असेल तर खुंटीखालच्या पट्ट्या तपासा.

तुमचा आवाज समोरच्याला क्षीण ऐकू येत असेल तर रिसीव्हरचा बोलण्याकडचा भाग तळहातावर दोनचार वेळा आपटा. आत कोळशाचे बारीक कण असतात आणि आपल्या दमट किनारपट्टीवर ते धरून बसतात. ही कणांची युक्ती हेन्री हनिंग्ज या इंग्रज पाद्र्याची, १८७८ सालची. घंटी नुसती गुणगुणत असेल तर तिच्या वाट्यांचे स्क्रू किंचित सैल करून वाट्या फिरवा. त्या मुद्दाम तिरक्या केंद्रावर बसवलेल्या असतात, फिरवल्या की टोल्याशी अंतर कमीजास्त होतं.

एवढं करूनही घंटी वाजते, बोलणं नीट होतं, पण बाहेर फोन लागत नाही, असं झालं तर फोनला दोष देऊ नका. बटणांच्या सुरांवर चालणारी पद्धत १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि आजच्या फायबरच्या कित्येक डब्यांना ठोके कळतच नाहीत. ठोक्यांचे सूर करून देणारं छोटं यंत्र मिळतं, ते मध्ये जोडलं की प्रश्न सुटतो.

हल्ली असे फोन आतून रिकामे करून त्यांचे टेबललॅम्प केले जातात. कृपा करून तसं करू नका. त्यातले बरेचसे फोन मेलेले नसतात, त्यांच्यातलं तेल सुकलेलं असतं. तुमच्या माळ्यावर एखादा असेल तर खाली काढा, शून्य फिरवा आणि घरघर ऐकू येते का पाहा. येत असेल तर तो फोन दुरुस्त होण्याजोगा आहे.