सी. बी. फ्राय आणि ऑक्सफर्डचे ‘ब्लू’

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधला पहिला क्रिकेट सामना १८२७ साली लॉर्ड्सवर झाला. तो जुळवून आणणारा चार्ल्स वर्ड्‌सवर्थ हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी, कवी विल्यम वर्ड्‌सवर्थचा पुतण्या. दोनच वर्षांनी, जून १८२९ मध्ये, हेन्ली इथे टेम्सच्या पात्रात दोन्ही विद्यापीठांची पहिली नौकाशर्यत लागली. तिच्यातही पुढाकार त्याचाच, आणि ऑक्सफर्डच्या नावेत वल्हे मारायलाही तोच. दोन खेळ एकदम सांभाळणारा विद्यार्थी या चढाओढीच्या मुळाशीच होता म्हणायचा.

पुढे मैदानी शर्यती (१८६४), रग्बी (१८७२) आणि फुटबॉल (१८७४) यांचीही वार्षिक लढत सुरू झाली. या लढतीत विद्यापीठाकडून उतरणाऱ्याला ‘ब्लू’ म्हणत. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा, केंब्रिजचा फिकट. एकाहून अधिक ब्लू मिळवणे शक्य झाले ते मुख्यतः हंगामांमुळे. रग्बीचा सामना डिसेंबरात, फुटबॉलचा हिवाळा सरता-सरता, धावण्या-उड्यांच्या शर्यती मार्चच्या सुमारास, क्रिकेट जुलैच्या तोंडाशी. एक खेळ आटोपला की दुसरा उभा. नौकाशर्यत मात्र या साखळीत बसत नसे. तिचा सराव कित्येक महिने चाले आणि शर्यत नेमकी वसंतात येई, त्यामुळे वल्हेकऱ्याला बाकीच्या मैदानांकडे फारसे फिरकता येत नसे.

या वेळापत्रकाचा पुरेपूर फायदा घेतला तो चार्ल्स बर्जेस फ्रायने. १८९१ मध्ये तो शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात आला. फुटबॉल, मैदानी खेळ आणि क्रिकेट या तिन्हींत त्याने ब्लू मिळवला, तिन्हींचे नेतृत्वही केले. रग्बीचा चौथा ब्लू दुखापतीमुळे हुकला. मार्च १८९३ मध्ये त्याने लांब उडीत २३ फूट साडेसहा इंचांची मजल मारून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. १८९४ च्या लॉर्ड्सवरच्या सामन्यात कर्णधार म्हणून नाबाद शतक ठोकले. आदल्या वर्षीच्या सामन्यात केंब्रिजकडून रणजितसिंहजी खेळले होते. पुढे ससेक्समध्ये ही जोडी जमली आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून गेलेल्या रणजींसोबत मदतनीस म्हणून फ्रायही होता. वॉडममधला त्याचा एक समकालीन भारताला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे: ‘गो बॅक’च्या घोषणा ज्याच्या वाट्याला आल्या तो जॉन सायमन.

आता अभ्यासाचे. १८९३ च्या मधल्या परीक्षेत, म्हणजे विक्रमी उडीच्याच वर्षी, फ्रायला पहिला वर्ग मिळाला. १८९५ च्या अंतिम परीक्षेत मिळाला चौथा, म्हणजे अगदी तळाचा. खेळांनी अभ्यास खाल्ला, असे म्हणणे सोपे आहे. पण पहिला वर्गही भर हंगामातच आलेला होता. मधल्या काळात डोक्यावर कर्ज चढले होते. पैशासाठी त्याने चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून उभे राहण्याचेही काम केले. परीक्षेच्या आधी त्याची मनःस्थिती पार ढासळली. वेळेची कसरत त्याला जमली होती, पैशाची जमली नाही.

पदवीनंतरही तो दोन्ही मैदानांवर राहिला. १९०१ मध्ये इंग्लंडकडून फुटबॉल खेळला आणि त्याच वर्षी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये लागोपाठ सहा शतके काढली. १९०२ मध्ये साउदॅम्प्टनकडून तो एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात उतरला. १९१२ मध्ये त्याने सहा कसोटींत इंग्लंडचे नेतृत्व केले, त्यांतली एकही गमावली नाही.

विसाव्या शतकात व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम दोन्ही टोकांनी लांबत गेला आणि क्रिकेटवर चढला. हिवाळी दौरेही वाढले. हंगामांमधली ती फट बुजल्यावर दोन्हींत वरच्या पायरीवर टिकणे अशक्यच झाले. इंग्लंडच्या पुरुष खेळाडूंपैकी फुटबॉल आणि कसोटी क्रिकेट अशा दोन्हींत देशाकडून खेळलेला अखेरचा खेळाडू आर्थर मिल्टन. त्याचा फुटबॉल सामना १९५१ चा, पहिली कसोटी १९५८ ची.