डेक्सामेथासोन : एका लहान गोळीचा इतिहास

बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये बार्शीस कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागापुरती अशी नोंदणी भारतात ही पहिलीच. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे नाव त्या पंचक्रोशीत खेडोपाडी ठाऊक आहे. कर्करोगाच्या उपचारांत सर्वत्र एक स्वस्त औषध मोठ्या औषधांच्या सोबतीस असते, ते डेक्सामेथासोन. केमोथेरपीनंतरच्या उलट्या ते आवरते, मेंदूतील गाठीभोवतीची सूज उतरवते, आणि रक्ताच्या काही कर्करोगांत रोगट पेशींचाही नाश करते.

त्याचे मूळ अमेरिकेतील रॉचेस्टर गावी, फ्रान्सिस्कन धर्मभगिनींनी चालविलेल्या सेंट मेरीज रुग्णालयात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन टोचले. मूत्रपिंडांवरील ग्रंथींत तयार होणारे हे द्रव्य प्रयोगशाळेत मोठ्या कष्टाने बनविले होते. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली केंडाल व राइकस्टाइन यांच्यासह हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी त्या रकमेतील वाटा तेथील परिचारिका सिस्टर पँटालिऑन यांना दिला. ही गोष्ट आम्हांस पारितोषिकाहून कमी मोलाची वाटत नाही.

पण आनंद ओसरला. औषध थांबताच दुखणे परते. चालू ठेवावे तर चेहरा सुजे, साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. १९५८ च्या सुमारास आलेले डेक्सामेथासोन कितीतरी पटीने प्रभावी ठरले. शरीरात मीठ साठविण्याचा दोष त्यात फारसा नव्हता, बाकीचे दोष मात्र राहिलेच. दाह शमविताना ते प्रतिकारशक्तीही दाबते.

करोनाच्या साथीत हे दोन्ही दिसले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखविले की रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत दिल्यास कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. प्राणवायूची गरज नसलेल्यांस मात्र लाभ नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे गेले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची मोठी कारणे होती.

गुडघेदुखीवर ही गोळी चिठ्ठीविना घेणारे आपल्यात आजही आहेत. कित्येक आठवडे बाहेरून औषध मिळत राहिले की शरीरातील ग्रंथी आपले काम मंदावतात. ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवितात.