तीन जोड मोजे

माझा नातू शाळेच्या संघात डाव्या बाजूला खेळतो. गेल्या पावसाळ्यात एकदा तो चिखलाने माखून घरी आला तो फुरंगटूनच. "आजोबा, आमचे सर स्वतः कधी मोठ्या संघातून खेळलेच नाहीत म्हणे! ते आम्हांला काय शिकवणार?" मी म्हटले, "आधी पाय धू. मग तुला एका गिरणी कामगाराच्या पोराची गोष्ट सांगतो." ती सांगू लागलो तेव्हा त्याची आजीही चहाचा पेला हातात धरून दाराशी उभी राहिली आणि गोष्ट संपेपर्यंत हलली नाही. क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचे नाव काढले की ती एरवी उठून जाते. तेव्हा वाटले, वाचकांपुढेही ही हकीकत ठेवायला हरकत नाही.

जिमी होगन १८८२ साली लँकाशायर परगण्यातल्या नेल्सन या गावी जन्मला. अमेरिकेत यादवी माजली होती तेव्हा आमच्या वऱ्हाडातला कापूस ज्या गिरण्यांकडे गाड्या भरभरून गेला, त्याच मुलखातले हे गाव. लालबाग-परळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या गावाचे चित्र निराळे रंगवून सांगायला नको. घर कट्टर कॅथलिक. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी आईबापांची इच्छा, म्हणून त्याला मँचेस्टरच्या धार्मिक विद्यालयात धाडले. पण पोराचे चित्त प्रार्थनेपेक्षा चेंडूत अधिक. शेवटी झगा राहिला आणि बूट पायांत चढले.

खेळाडू म्हणून होगन कसा होता? खरे सांगायचे तर बेताचा. रॉचडेल, बर्नली, नेल्सन, फुलहॅम, स्विंडन, बोल्टन अशी त्याची फिरस्ती झाली. बर्नली तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होते. फुलहॅममध्ये असताना १९०८ साली तो संघ राष्ट्रीय चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि न्यूकॅसलकडून सहा गोल खाऊन परतला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा अंगरखा त्याला कधी मिळाला नाही. एवढ्यावरच त्याचे आयुष्य संपले असते, तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

परंतु या गड्याला एक खोड होती. तो 'का?' असे विचारी. बर्नलीला असताना एकदा चांगली संधी साधून त्याने गोलावर चेंडू मारला आणि तो वरून निघून गेला. त्याने व्यवस्थापकाला विचारले, "माझे चुकले कुठे? पाय चुकीचा पडला की तोल गेला?" उत्तर मिळाले, मारत राहा, दहांतून एक गेला तरी पुष्कळ! होगनला हे उत्तर पटेना. चुकते ते कशाने, हे कळलेच पाहिजे, असे त्याने मनाशी घेतले आणि तो आपला आपणच अभ्यास करू लागला.

त्या काळी इंग्लंडात सरावाची रीत मोठी विचित्र होती. खेळाडूंना आठवडाभर मैदानाला फेऱ्या मारायला लावीत आणि चेंडू मात्र कुलपात ठेवीत. म्हणजे शनिवारी गडी चेंडूसाठी भुकेलेला राहील! हे वाचताना मला आमचे ड्रिलमास्तर आठवतात. फार भले गृहस्थ; पण वर्षभर आम्ही धावलो किती आणि चेंडूला पाय लावला किती, याचा हिशेब केला तर हसू येते. होगनचे म्हणणे साधे होते. सुताराच्या पोराला रंधा हातात न देता सुतारकी कशी यावी?

बोल्टनचा संघ हॉलंडच्या दौऱ्यावर गेला असता डॉर्ड्रेख्ट गावच्या संघावर त्याने दहा गोल चढवले. बाकीचे हसत परतले. होगनच्या मनात मात्र आले, की या पोरांना कोणीतरी शिकवले पाहिजे. आणि १९१० साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, तो खरोखरच तिथे शिक्षक म्हणून गेला. पुढे १९१२ मध्ये व्हिएन्नाहून ह्यूगो माइस्लचे बोलावणे आले. माइस्ल बँकेत नोकरी करणारा, पण जीव सगळा फुटबॉलात. पहिले काही दिवस होगनचे काही जमेना. त्याची भाषा खेळाडूंना कळेना, आणि तो अगदी अआइईपासून शिकवू लागल्याने ते चिडले. तरीही माइस्ल आणि तो रात्र-रात्र एका कॉफीगृहात बसून टेबलावर डाव मांडीत. चेंडू जमिनीवर ठेवावा, हलक्या पायाने सोबत्याकडे द्यावा आणि दिल्यावर स्वतः मोकळ्या जागी जावे, एवढेच त्यांचे सूत्र. ते ऐकायला सोपे, पण अंगी मुरायला वर्षे लागतात.

अशात १९१४ चा ऑगस्ट उजाडला. होगनने ब्रिटिश वकिलातीत चौकशी केली, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही असे सांगण्यात आले. थोड्याच दिवसांत युद्ध पुकारले गेले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पोलिसांनी त्याला उचलले. बायको आणि दोन मुले पुढे मायदेशी पोचली. हा मात्र अडकला. बंदिछावणीत रवानगी व्हायची, तेवढ्यात व्हिएन्नातल्या ब्लाइद नावाच्या इंग्रज दुकानदार भावांनी त्याला जामीन दिला. मग फुटबॉलचा हा गुरू कित्येक महिने त्यांच्याकडे पडेल ते काम करी आणि त्यांच्या मुलांना टेनिस शिकवी!

त्याला तिथून काढले ते बुडापेस्टच्या एम.टी.के. संघाच्या एका उमरावाने. ठराविक वेळी पोलिसांकडे हजेरी लावायची आणि बाकी वेळ शिकवायचे, अशी ती कैद. पण शिकवायचे कोणाला? संघातले बरेचसे गडी रणांगणावर गेलेले. एके दिवशी बागेत दोन पोरे चेंडू खेळताना होगनला दिसली आणि त्याने त्यांना तिथेच हेरले. एकाचे नाव ऑर्थ, दुसऱ्याचे ब्राउन. दोघेही पुढे हंगेरीचे नामांकित खेळाडू झाले. एम.टी.के.ने १९१६-१७ पासून ओळीने नऊ वेळा हंगेरीचे अजिंक्यपद मिळवले. होगन गेल्यावरही त्याने घातलेला पाया टिकला.

आता मोज्यांची हकीकत. युद्ध संपल्यावर होगन रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतला. युद्धामुळे नुकसान सोसलेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी फुटबॉल असोसिएशनकडे एक निधी होता आणि त्यातून दोनशे पौंड मिळतील असे त्याला कोणी सांगितले. उसने पैसे काढून तो लंडनला गेला. तिथे चिटणीस फ्रेडरिक वॉल यांनी त्याच्यापुढे खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवले. आघाडीवरच्या आमच्या पोरांना यातच आनंद वाटत होता, अशा अर्थाचे काही ते बोलले. चार वर्षे शत्रूच्या मुलखात कैद भोगलेल्या माणसाला हा शेरा! त्याने मोजे घेतले आणि तो पुन्हा युरोपात निघून गेला. मला तरी त्याच्या जाण्यात काही वावगे दिसत नाही.

पुढची वीस वर्षे धावतीच सांगतो. स्वित्झर्लंड, पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनी. जर्मनीत तो गावोगाव व्याख्याने देत फिरला. त्याचे जर्मन कच्चे. एकदा 'मी भाषांचा प्राध्यापक आहे, फुटबॉलचा नव्हे' असे तो उलटेच बोलून गेला आणि सभागृहात हशा पिकला. तेव्हा गड्याने बूट-मोजे काढले आणि अनवाणी पायांनी, उजव्याने आणि डाव्याने, काही अंतरावरच्या लाकडी फळीवर असे चेंडू मारले, की म्हणतात, फळीच तडकली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, तेव्हा साऱ्या जगाला नवल वाटले होते. होगनला ते फारसे वाटले नसते.

माइस्लच्या ऑस्ट्रियन संघाने १९३१ मध्ये स्कॉटलंडला पाच-शून्य आणि जर्मनीला बर्लिनमध्ये सहा-शून्य असे लोळवले. ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनला इंग्लंडशी सामना झाला. त्याची तयारी करून घ्यायला होगन होता. ऑस्ट्रिया चार-तीन असा हरला, पण इंग्रजांना घाम फुटला होता. १९३४ मध्ये फुलहॅमने त्याला व्यवस्थापक नेमले. तिथले मुरलेले खेळाडू म्हणाले, आम्हांला काय शिकवतोस? एकतीस सामन्यांनंतर, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी तो इस्पितळात असतानाच, त्याला काढून टाकण्यात आले. दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या ॲस्टन व्हिलाला मात्र त्याने १९३८ मध्ये पुन्हा वर आणले, हे इंग्लंडच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आणि मग २५ नोव्हेंबर १९५३. वेंब्लीचे मैदान. तोवर युरोप खंडातल्या एकाही देशाने इंग्लंडला वेंब्लीत हरवले नव्हते. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल केला आणि शेवटी फलक सहा-तीन असा हंगेरीच्या बाजूने थांबला. एकट्या हिदेगकुटीचे तीन, पुष्कासचे दोन. सामन्यानंतर हंगेरीच्या संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी वार्ताहरांना सांगितले, की आम्हांला फुटबॉल जे येते ते सगळे जिमी होगनने शिकवले. प्रशिक्षक शेबेश म्हणाले, आमच्या फुटबॉलच्या इतिहासात त्याचे नाव सुवर्णाक्षरांनी लिहावे. लंडनमध्ये कित्येकांना तो देशद्रोही वाटला. एकाहत्तर वर्षांचा होगन त्या दिवशी प्रेक्षकांतच होता. व्हिलाच्या तरुण पोरांना तो सामना दाखवायला घेऊन आला होता.

हंगेरीच्या खेळाची जादू आपल्या हैदराबादच्या रहीमसाहेबांवरही होती. तेही पेशाने शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली आपला संघ १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले.

होगन ३० जानेवारी १९७४ रोजी वारला. ड्रेस्डेनमध्ये त्याच्याकडे शिकलेला एक पोरगा, हेल्मुट शोन, तोवर पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक झाला होता. होगन हा जर्मनीतल्या आधुनिक फुटबॉलचा जनक, असे तिथे म्हटले गेले. त्याच वर्षी ७ जुलैला, म्युनिकमध्ये, शोनच्या संघाने विश्वचषक जिंकला.

गोष्ट संपली तेव्हा नातू काही बोलला नाही. थोड्या वेळाने गॅलरीतून धप्-धप् असा आवाज येऊ लागला. पाहतो तो स्वारी अनवाणी, आणि भिंतीवर चेंडू मारतेय ती उजव्या पायाने. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, तेव्हा कुठे थांबला.